पावणेबाराची खरखर

जळगावच्या नव्या पेठेत जीवरामनानांच्या छपरावर दोन बांबूंना ताणलेली एक लांब तार होती. तिच्यावर कावळे बसत. त्यातल्या एकाला आताशा जपानी कळायला लागलंय, असं नाना गंभीर चेहऱ्यानं सांगत. भुसावळला रेल्वेत तीस वर्षं तारबाबू होते ते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी सरकारी परवाना काढला, भंगारातल्या सामानातून सेट बांधला, आणि घरबसल्या जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांशी तारेच्या भाषेत बोलू लागले. बायको मंजुळाबाई गेल्यापासून बोलायला दुसरं कोणी उरलंही नव्हतं.

एकाहत्तरच्या आषाढात शेजारचे कापडवाले माणकचंद ओट्यावर येऊन बसले.

"नाना, तुमचं मशीन आवरा. रोज पावणेबाराला आमच्या रेडिओत खरखर. बाईंचं भजन बिघडलं की साऱ्या घराचं जेवण बिघडतं. मी काही तक्रार करणार नाही, पण बाई अर्ज लिहायला बसल्यात."

बाई म्हणजे माणकचंदांची आई, जतनबाई. नाना हसले, पण वरवर. अर्ज गेला की परवाना गेला, आणि परवाना गेला की त्या घरात बोलणं म्हणून राहिलं नसतं.

खरखर शोधायची एक रीत आहे. पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. दुसऱ्या दिवशी नानांनी घरची मेन स्विच खाली ओढली आणि माणकचंदांच्या बैठकीत जाऊन बसले. भजन रंगात आलं होतं. पावणेबारा वाजले.

खर्रर्र... खर्र. खर्रर्र... खर्र.

"मेन बंद केली ना नक्की?" माणकचंदांनी विचारलं.

"नाही हो, सबंध जळगावची चुकून चालू राहिली!" नाना म्हणाले आणि रेडिओला कान लावला.

जतनबाई माळ ओढत होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "मशीन कसलं? मंजुळानी भाकर टाकली."

माणकचंदांनी मान खाली घातली.

जतनबाईंचं बोलणं अगदीच भ्रमिष्ट नव्हतं. नाना कानाला हेडफोन लावून मागच्या खोलीत बसत, त्यांना हाक ऐकू येत नसे. म्हणून त्यांनी टेबलाजवळ एक आणि चुलीजवळ एक अशा तारेच्या दोन पितळी कळा बसवल्या, दोन्हीकडे एकेक बझर. मंजुळाबाई एरंडोलकडच्या. "तोंडनी हाक तुमले ऐकू येत नही, खडखड बरी ऐकू येस!" म्हणत त्या तीन खुणा शिकल्या. स्वतःची खूण, दोन लांब ठोके. 'थांब', म्हणजे आखूड, लांब, आणि मग तीन आखूड. आणि 'बोल', म्हणजे लांब, आखूड, लांब. जात्यानं त्यांचा अंगठा आखडलेला, त्यामुळे दुसरा लांब नेहमी लंगडा पडे. बझरमध्ये ठिणगी उडते आणि ठिणगी शेजारच्या रेडिओत खरखरते. पावणेबाराला ती लंगडी खरखर झाली की जतनबाई ओळखत, मंजुळेकडे भाकर झाली.

पण मंजुळाबाईंना जाऊन अकरा महिने झाले होते. बझरचे सेल नानांनी तेराव्यालाच काढून टाकले होते.

तिसऱ्या दिवशी नाना ट्रान्झिस्टर घेऊन निघाले. तो हातात धरून हळूहळू फिरवायचा. टोक ज्या दिशेला असताना आवाज अगदी दबतो, ती रेघ मनात धरायची. मग दुसऱ्या जागेवरून तसंच. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे चोर. माणकचंदांच्या गॅलरीतून एक रेघ निघाली, चौथ्या दिवशी गल्लीतल्या विहिरीवरून दुसरी.

दोन्ही रेघा नानांच्या स्वयंपाकघरात कापत होत्या.

ती खोली त्यांनी तेराव्यानंतर उघडली नव्हती. जेवण खानावळीत. पाचव्या दिवशी कडी काढली. चूल सारवलेली, तशीच. कळीवर धूळ. सेलांच्या जागी दोन वायरी मोकळ्या लोंबत होत्या. नाना पाटावर बसले, ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला.

गेल्या श्रावणात ह्याच वेळी त्यांना एका दूरच्या बेटावरचा माणूस सापडला होता. आठ महिने ज्याला शोधत होते, तो. तेवढ्यात चुलीकडून खूण आली. नानांनी डाव्या हातानं 'थांब' दिलं आणि उजव्या हातानं बेटाशी बोलत राहिले.

तारेचा एक नियम आहे. 'थांब' मिळालं की 'बोल' मिळेपर्यंत कळीला हात लावायचा नाही. मंजुळाबाईंनी तो पाळला. सव्वा तासानं नाना आत आले, तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ताट वाढलेलं. हात कळीजवळ, पण कळीवर नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. अर्ध्या तासात आणलं असतं तर.

ती जेवायची हाक नव्हती.

ट्रान्झिस्टर खरखरला. एक लांब. एक लंगडा.

कळीवरची धूळ हलली नव्हती.

पुन्हा. एक लांब, एक लंगडा. मग विराम. नियमाचा.

त्या दिवशीचं 'बोल' त्यांनी कधी दिलंच नव्हतं.

त्यांनी मुकी कळ दाबली. लांब, आखूड, लांब. पितळेवर पितळ वाजलं, एवढंच.

ट्रान्झिस्टर गप्प झाला.

मग सावकाश, आखडलेल्या अंगठ्यानं, उत्तर आलं. आखूड. लांब. आखूड, आखूड, आखूड.

नानांनी कळीवरून हात उचलला.

त्या दिवसापासून खरखर थांबली. जतनबाईंनी अर्ज फाडला. नानांनी छपरावरची तार उतरवली, दुपारची खानावळ सोडली. रोज अकराला आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते स्वयंपाकघरात जाऊन बसत. माणकचंदांनी एकदा विचारलं, "काय करता नाना आत?"

"थांबलोय," नाना म्हणाले.

श्रावणात एक दिवस भजनात पुन्हा खरखर झाली. माणकचंद चमकले. "बाई, परत तेच!"

"तेच कुठं रे? हे निराळं." जतनबाईंनी माळेच्या मण्यानं रेडिओच्या खोक्यावर, नकळत, 'बोल' वाजवून दाखवलं. लांब, आखूड, लांब.

माणकचंदांनी खिडकीतून हाक मारली, "ओ नाना!"

उत्तर आलं नाही. वर्षभर न पेटलेल्या त्या चुलीकडून ताज्या भाकरीचा वास तेवढा येत होता.