पिकल्या केळ्याचा वास

तिसरा मजला चढून धाकटा भिंतीला टेकला. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून झाल्यावर त्याच्या ताईला लोकांच्या भानगडी उकलायचा नाद लागला होता. तिची पिशवी वाहता वाहता याचे गुडघे कामातून गेले होते.

औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मावशी स्टुलावर बसल्या होत्या. बावीस वर्षं तपासनीस. आज दुपारपर्यंत राजीनामा द्यायचा हुकूम.

"शुक्रवारी तापाच्या औषधाचा कच्चा माल मी नापास केला," त्या म्हणाल्या. "लहान मुलांचं औषध हो! सोमवारी साहेब म्हणाले, तुम्ही चाचणीच्या ॲनहायड्राइड रसायनाची बाटली उघडी टाकलीत, हवेतलं पाणी शिरलं, तुमची चाचणीच चुकली. मी झाकण काढलं, तर आंबूस वासात पिकल्या केळ्याचा वास."

"मलाही आला," रसायनांचा कोठीवाला म्हणाला. "शनिवार-रविवार मी सुट्टीवर. अल्कोहोलच्या कपाटाची दुसरी किल्ली साहेबांकडे. आणि तो माल त्यांच्या मेव्हण्याचा."

दारात उभे असलेले साहेब रुमालात शिंकले. "आठवडाभर सर्दी. चहा की काढा, कळत नाही. पण बाटली मी स्वतः हुंगली. नुसता व्हिनेगरचा वास!"

"मावशींचीच चूक दिसते," धाकटा पुटपुटला. त्याला घरी जायचं होतं.

ताईने कारखान्याच्या मालकीणबाईंना बोलावलं.

"हे ॲनहायड्राइड म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाची चिकटलेली जुळी भावंडं," ती सावकाश म्हणाली. "समोर येईल त्याला एक जण धरतो, दुसरा आम्ल होऊन सुटतो. पाणी आलं, तर दोघंही आम्लच. वास नुसता व्हिनेगरचा. कपाटातलं अमाइल अल्कोहोल आलं, तर एक आम्ल आणि एक एस्टर. त्याला केळ्याचा वास. पाणी हवेतून येतं. हे अल्कोहोल कुलपातून काढावं लागतं."

"मग पाणीच का नाही ओतलं?" धाकट्याने विचारलं.

"ते लगेच मिसळत नाही, वर थर दिसला असता. अल्कोहोल बेमालूम मिसळलं. केळ्याच्या वासाने चहाडी केली, पण चोंदलेल्या नाकाला ती ऐकू आली नाही. साहेब, तुम्ही व्हिनेगर हुंगलं नाहीत. पुस्तकातून सांगितलंत."

साहेब खुर्चीत बसले. "घरून रोज कटकट होती," एवढंच म्हणाले.

मालकीणबाईंनी त्यांच्याकडून किल्ल्या घेतल्या. मावशींनी गोदामाला फोन लावून माल अडवला.

जिना उतरताना धाकटा म्हणाला, "जिंकलो, तरी जीव आंबल्यासारखा का झालाय गं?"

"बावीस वर्षं खरं बोलणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायला त्यांना परकी म्हातारी लागली," ताई कठडा धरत म्हणाली. "जरा हात दे."