टेंभ्यावरचं शून्य

आंबेपेठच्या टीव्ही केंद्राच्या लहरमापन कक्षात सकाळी साडेदहाला आकडा एकतीसवर आला, आणि हेमांगी साळसकरला हायसं वाटलं. एकतीस सेंटिमीटर. काल दुपारी तो बावीस होता. अशा आकड्याच्या वाढीनं बरं वाटावं ही काही चांगली गोष्ट नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण काल तिच्या एका शब्दावर नागकड्याखालच्या वाकेशेत गावची तीनशे बारा माणसं घरदार सोडून निघाली होती. नागकडा जागचा हललाच नसता, तर तिला खोऱ्यात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"वेग वाढतोय," ती म्हणाली. "संध्याकाळच्या आत कडा खाली येणार."

डॉ. निरंजन फणसळकर खिडकीशी उभे राहून पाऊस बघत होते. चाळीस वर्षं डोंगर पायांनी तुडवलेला हा भूवैज्ञानिक यंत्रांना जावयासारखं वागवे: मान द्यायचा, पण भरवसा ठेवायचा नाही.

"परवा मी त्या कड्याखाली चार तास हिंडलो," ते म्हणाले. "एक नवी भेग नाही. झाडं सरळ उभी आहेत. आणि तुमचा टीव्ही म्हणतो, कडा पुढे सरकला. कसा, ते मला जरा सोप्या भाषेत सांगा."

"तुमच्या लहानपणी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट छाया दिसायची, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? वडील कौलांवर चढून अँटेना फिरवायचे आणि आम्ही खालून सांगायचो, आलं, आलं, गेलं."

"ती छाया म्हणजे डोंगरावर आपटून उशिरा पोचलेली लहर. टेंभ्याच्या डोंगरावरच्या प्रक्षेपण मनोऱ्यातून निघालेली लहर घरच्या अँटेनावर दोनदा येते. एकदा थेट, आणि एकदा नागकड्यावर आपटून. आताच्या अंकीय, म्हणजे डिजिटल, प्रक्षेपणात छाया दिसत नाही, कारण टीव्हीला जोडलेला डबा ती पुसतो. पण पुसायची तर ती किती मागे आहे ते आधी मोजावं लागतं. थेट लहर आली की डबा शून्य धरतो आणि पडसाद किती जास्तीची वाट चालून आला ते मोजतो. ही जास्तीची वाट एकतीस सेंटिमीटरनं घटली आहे. कड्यापर्यंतचं जाणं घटलं आणि येणंही, म्हणून निम्मे. कडा साडेपंधरा सेंटिमीटर पुढे आला."

तीन वर्षांपूर्वीच्या वादळानं खोऱ्यातल्या केबली तोडल्या, तेव्हापासून घरोघरी पुन्हा अँटेना आल्या होत्या. एकट्या आंबेपेठेत चार हजार. डबे आपापला आकडा मोबाइलच्या जाळ्यावरून कक्षाकडे पाठवत आणि हेमांगी त्यांची सरासरी काढी.

"आणि खुद्द वाकेशेतचे डबे काय म्हणतात?" फणसळकरांनी विचारलं.

"ते मी गाळलेत. कड्याच्या इतक्या जवळ पडसाद थेट लहरीच्या पाठोपाठ येतो. डब्याची गल्लत होऊ शकते. शिवाय कालपासून तिथं वीज नाही."

गाळायचा हा नियम तिनंच लिहिला होता.

भिंतीवर खोऱ्याचा नकाशा होता. उत्तरेला नागकडा, त्याच्या पायाशी गवळ्यांचं वाकेशेत, मग उघडा माळ, मग टेंभा आणि त्यावर मनोरा. टेंभ्याच्या पाठीमागे, दक्षिणेला, आंबेपेठ. वाकेशेतची माणसं टेंभ्याच्या उत्तर पायथ्याशी असलेल्या आश्रमशाळेत ठेवली होती. कड्यापासून चांगली तीन किलोमीटर लांब, पक्की इमारत.

फोन वाजला. वाकेशेतच्या बचतगटाच्या अनसूया ढेबे बोलत होत्या.

"ताई, रागावू नका. म्या घरी आलेय."

"कड्याखाली?"

"म्हशींच्या कासा तटल्यात. त्यांस्नी कोण पिळणार? चौघीजणी आलोय, धारा काढून निघतो. पण फोन त्याच्यासाठी न्हाय. म्या डबा बॅटरीवर लावला. आकडा लिवून घ्या."

"अनसूयाबाई, आधी तिथून निघा."

"घ्या तर खरं. अडतीस हजार चारशे बारा सेंटिमीटर. रोज कॅलेंडरावर लिवतेय म्या. सोमवारी बारा, काल बारा, आज बी बाराच. शेजारच्या तिघींचं बी तसंच, आकडा ज्याचा त्याचा, पण हललेला न्हाय. कडा हलला म्हणता, मग आमचाच आकडा का हलंना?"

तयार उत्तर हेमांगीच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. गल्लत करणारा डबा आकडा चुकवेल, वरखाली करेल. चारही डबे दिवसेंदिवस जागच्या जागी राहतील कसे? कडा खरंच पुढे आला असता, तर त्याच्या सगळ्यात जवळच्या घरांतही एकतीस घटायला हवे होते.

"मोजायचं म्हणजे कुठून तरी मोजायचं," फणसळकर सावकाश म्हणाले. "तुमचं शून्य कुठं उभं आहे?"

"थेट लहरीवर. म्हणजे मनोऱ्यावर."

"आणि मनोरा?"

हेमांगीनं पेन्सिल घेतली. मनोरा उत्तरेला सरकला असं धरलं, तर वाकेशेतची थेट वाट आणि पडसादाची वाट, दोन्ही सारख्याच घटतात. फरक तोच राहतो. पण मनोऱ्याच्या मागे असलेल्या आंबेपेठेची थेट वाट वाढते आणि पडसादाची घटते. फरक सरकण्याच्या दुपटीनं कमी होतो. मनोरा साडेपंधरा सरकला असेल, तर बरोबर एकतीस.

अठरा वर्षांच्या नोकरीत तिनं हजारो अँटेना त्या मनोऱ्याकडे तोंड करून बसवल्या होत्या, आणि तो जागेवर आहे ना, असं एकदाही विचारलं नव्हतं. चोर सोडून तिनं संन्याशाला फाशी दिली होती. आणि तीनशे माणसं नेऊन ठेवली होती नेमकी त्या चोराच्या पायाशी.

"अनसूयाबाई, शाळेत कोण आहे?"

"आम्ही चौघी सोडून समदी."

"त्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. मधल्या माळावर, दोन्ही डोंगरांपासून लांब. कडा नाही, टेंभा सरकतोय."

"म्हातारी माणसं काल रडत उतरली, ताई. आता काय सांगू त्यांस्नी?"

"काल मी चुकले, असं सांगा. माझं नाव घेऊन सांगा. शिव्या द्यायच्या त्या द्या म्हणावं, पण माळावर उभं राहून द्या."

"शाळेत माझा दीर हाय. लावते त्याला."

फणसळकर तोवर तहसीलदारांशी बोलू लागले होते. हेमांगीनं प्रक्षेपणावर पट्टी सोडली: आश्रमशाळा ताबडतोब सोडा, माळावर जा. शाळेच्या सभागृहातही टीव्ही होता. कक्षातल्या पडद्यावर कुणी बाई भरल्या वांग्यांचा मसाला वाटत होत्या आणि त्यांच्या हातांखालून ही पट्टी सरकत होती. आकडा चौतीस झाला. मग बेचाळीस. मग एकसष्ट. शाळेत कुणी पट्टी वाचली का, हे कळायला काही मार्ग नव्हता. अँटेनाकडे लहर जाते, परत कुणाचा आवाज येत नाही. अनसूयाबाईंचा फोनही लागेना. हेमांगीला रडू येत होतं, आणि रडायला वेळ नव्हता.

अंकीय चित्राची एक खोड आहे. ते फिकट होत जात नाही. शेवटपर्यंत लख्ख असतं, आणि मग नसतं.

अकरा वाजून बावन्न मिनिटांनी चार हजार घरांतलं चित्र एकदम गेलं. मागोमाग खिडक्यांची तावदानं थरथरली. पाऊस जरा विरळ झाला तेव्हा टेंभ्याचा माथा दिसला, आणि त्यावर मनोरा नव्हता.

फोन यायला सतरा मिनिटं लागली. हेमांगीनं ती घड्याळाकडे बघत काढली.

"शाळा न्हाय ऱ्हायली, ताई," अनसूया म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

"माणसं?"

"दोनदा मोजली. आम्ही चौघी धरून तीनशे बारा."

हेमांगी खाली बसली. फणसळकरांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"ताई, पोरं भिजून गारठलीत," अनसूयांचा आवाज आला. "आता तरी घरी नेऊ का? कडा हलत न्हाय ना?"

हेमांगीनं सवयीनं पडद्याकडे बघितलं. मनोरा नाही म्हणजे लहर नाही, लहर नाही म्हणजे पडसाद नाही. सकाळपर्यंत कडा स्थिर होता. पण समोरच्या डोंगराचा अख्खा उतार कोसळून जमीन हादरल्यावर तो तसाच उरला का, हे आता चार हजार डब्यांपैकी एकही सांगू शकत नव्हता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"ह्येच काल म्हणाला असता, ताई," अनसूया म्हणाल्या, "तर आम्ही घरातच ऱ्हायलो असतो. बरं, थांबतो माळावर."