तू रांगेत थांब

रविवारची दुपार होती. नव्या सर्व्हरची चाचणी म्हणजे अर्ध्या तासाचं काम, तेवढं उरकून जेवायला घरी येतो, असं तो बायकोला सांगून निघाला होता. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. एसी बंद, हवेत कोंदट वास, आणि यंत्रांच्या खोलीतून येणारी एकसुरी घरघर.

कंपनीच्या ऑनलाइन खेळात कोणाची कोणाशी जोडी लावायची, हा नियम त्यानेच लिहिलेला. तोलामोलाचे खेळाडू एकत्र आणायचे. पण कोणी फार वेळ रांगेत ताटकळलं, तर त्याच्यासाठी आणखी दूरवर शोधायचं. जितकी वाट पाहिली, तितकं जास्त अंतर चालवून घ्यायचं. हे शोधणं कुठे थांबवायचं, ते लिहायला मात्र हा पठ्ठ्या साफ विसरला होता.

ताई आजारी पडल्यापासून दोघं रोज संध्याकाळी खेळायची. ती दवाखान्यातल्या खाटेवरून, हा घरून. पण तिचा डावा हात थरथरायचा, डाव हरायचे, आणि याचे गुण घसरायचे. एका संध्याकाळी त्याने तिला लिहिलं, "तू रांगेत थांब, मी आलोच." आणि गेला तो एका तगड्या संघात. एकामागून एक डाव जिंकत राहिला. सकाळी भावोजींचा फोन आला.

"गेली रे... शेवटपर्यंत मोबाइल सोडला नाही हातातून."

त्या जिंकण्याची त्याला अजून लाज वाटते.

त्याने चाचणी सुरू केली. सर्व्हरवर तो एकटाच, त्यामुळे जोडीदार मिळणं शक्यच नव्हतं.

'जोडीदार मिळाला.'

खेळातलं नाव ताईचं. प्रतीक्षा: चारशे अकरा दिवस.

पडद्यावरची बाई डावीकडे अडखळत चालली आणि दारापाशी थांबली. ताई नेहमी तिथेच त्याच्यासाठी थांबायची.

"ताई...?" त्याने लिहिलं.

"किती उशीर केलास रे..."

"चुकलं माझं. मी यायला हवं होतं."

"बरं, चल... मी आहे मागे."

समोर संगणकच चालवत असलेला संघ होता. दोघं खेळली आणि हरली. हरून इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं. डोळे पुसत त्याने लिहिलं, "अजून एक डाव?"



"तू रांगेत थांब... मी आलेच."

तिचं नाव गेलं. रांगेत आता एकच नाव होतं, त्याचं. त्याने रांगेत शिरायचं बटण दाबलंच नव्हतं. रद्द करून पाहिलं, होईना. शेवटी त्याने सर्व्हरच बंद केला. घरघर थांबली.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. त्यावर त्याचं नाव होतं. प्रतीक्षा: चार मिनिटं. आणि खाली, त्यानेच कधीकाळी लिहिलेली ओळ:

'आणखी दूरवर शोधत आहोत...'