खडूची वर्तुळं

घड्याळजीला बातमी कळली तेव्हा तो दुकानात होता. भिंगाखाली मान घालून त्यानं एक चिमुकलं चाक चिमट्यात धरलं होतं. घराशेजारची बाई धावत आली आणि म्हणाली, "चला लवकर, वहिनी जिन्यावरून पडल्या."

चाक कुठं पडलं ते त्यानं पाहिलं नाही. घरी पोचला तेव्हा बायकोच्या अंगावर कुणीतरी चादर घातली होती. जिन्याखाली पाण्याची बादली आडवी पडली होती. तिच्याजवळ जिन्याची सर्वांत वरची पायरी पडली होती. ती फळी त्यानं स्वतः कापली होती, स्वतः बसवली होती.

पोलिसांनी अपघात असं लिहिलं. लोक तेच जरा वेगळ्या शब्दांत म्हणाले. हौसेनं घर बांधायला निघाला आणि बायको घालवून बसला.

महिन्यानंतर तो ताईंकडे गेला. ताई खासगी तपास करत. त्यांच्या मोठ्या बहिणीचे यजमान, दाजी, निवृत्त झाल्यापासून त्यांच्याबरोबर असत. दाजींच्या मते ते मदत करत होते.

"मला गुन्हेगार वगैरे नको," घड्याळजी म्हणाला. "ती माझ्या हातानं गेली का, एवढंच सांगा."

"आणि 'हो' निघालं तर?"

"तर हो म्हणा. आता जे चाललंय ते नाही सहन होत. पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या भिंतीचा गिलावा केला आम्ही, मग फरशी, मग वरची खोली. सगळं सुटीच्या दिवशी, दोघांनी. आता कपाट उघडलं तरी वाटतं, अंगावर येणार."

"कुठं झोपता?"

"वरच्या खोलीत. तिची खोली ती." तो थांबला. "एक सांगू? हसू नका. रोज सकाळी तिच्या उशीवर पांढरी वाळू असते. झटकली तरी दुसऱ्या दिवशी असतेच. माझ्या उशीवर नसते. तिच्याच."

दाजींनी आपली खुर्ची भिंतीपासून जरा पुढे ओढली. कोणी हसलं नाही.

*

घड्याळजीच्या दारातच दाजी ठेचकाळले.

"अहो, उंबरा आहे का धरण?"

"उंच झालाय. घासून कमी करायचा होता," घड्याळजी म्हणाला. "ती जायच्या आदल्या दिवशी दुपारी बसवला. दाराला कडीसुद्धा तेव्हा नव्हती. येणारा प्रत्येक जण एकदा आपटतोच. ती म्हणायची, चोर आला तर आवाजावरून कळेल."

ताईंचाही पाय लागला होता. त्यांनी फक्त ओठ चावला.

बैठकीच्या खोलीत शिलाई मशीन होतं. बायको लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. मशीनवर एक तपकिरी कोट पडला होता आणि त्याच्या कोपरांवर खडूची दोन छोटी वर्तुळं होती. दाजींनी एका वर्तुळावर बोट टेकवलं, तर बोट आरपार गेलं.

"अरेरे! मी नाही फाडला हां."

"तो माझाच कोट," घड्याळजी म्हणाला. "कापड विरलं असेल तिथं ती गोल करायची. नुसतं बघून कळत नाही. ती हात फिरवून ओळखायची."

जिना निळा होता. वर, जिथं शेवटचं पाऊल पडायचं, तिथं पोकळी होती. घड्याळजी ती ओलांडून वर जायचा. पडलेली फळी त्यानं चादरीत गुंडाळून जिन्याखाली ठेवली होती. ताईंनी ती सोडली तेव्हा तो तोंड फिरवून उभा राहिला.

"रंग कधी दिला?"

"उंबरा बसवला त्याच दिवशी, सकाळी. तिनं दिला. रंग वाळेपर्यंत घरात कशाला थांबायचं म्हणून संध्याकाळी तिच्या भावाकडे जेवायला गेलो. रात्री येऊन खालीच झोपलो. सकाळी मी दुकानात गेलो आणि ती पाणी घेऊन वर गेली. गच्चीचा कठडा नवा होता, त्यावर रोज पाणी मारायला लागायचं."

"कोणी सांगितलं होतं?"

"ठेकेदारानं. सगळं घर आम्ही केलं, पण वरच्या खोलीचा स्लॅब दोघांच्या आवाक्यातला नव्हता. तेवढा त्याच्याकडून घातला."

ताईंनी दाजींना जिन्याजवळ बोलावलं. "या पायऱ्यांचे स्क्रू कसे दिसतात, सांगा."

"निळे. वरून रंग बसलाय. आणि सगळ्या खाचा एका रेषेत, पलटण उभी केल्यासारख्या."

"आणि या फळीचे?"

"चकचकीत. खाचा कशाही. आखूडही दिसतायत." दाजी खूश झाले. "म्हणजे मिस्त्रीचं लक्ष नव्हतं."

"मिस्त्री इथंच उभा आहे, दाजी."

ताईंनी वर जाऊन, फळी जिच्यावर बसत होती त्या पट्टीवरची भोकं विजेरीनं पाहिली. भोकं गोल होती, कडाही धड होत्या. मग त्या वरच्या खोलीत शिरल्या.

खोली छान झाली होती. भिंती सरळ होत्या, खिडकी मोठी होती. छतावर, बरोबर पलंगाच्या वर, खडूनं एक चौकोन काढला होता आणि चौकोनात बरीच वर्तुळं होती.

"तिला तिथं झरोका हवा होता," घड्याळजी म्हणाला. "पडल्या पडल्या आकाश दिसावं म्हणून. पुढच्या सुटीला फोडणार होतो. ती वर्तुळं कसली ते माहीत नाही. मापं घेतली असतील."

दाजी पलंगावर टेकले. वरून त्यांच्या टकलावर काहीतरी बारीक पडलं. त्यांनी ते बोटावर घेतलं, पांढरं होतं. ते गुपचूप उठले आणि ताईंच्या मागं जाऊन उभे राहिले.

"आजपासून खाली झोपा," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "नाही, खालीही नको. शेजारी झोपा."

*

दुसऱ्या दिवशी ताईंनी एकेकाला बोलावलं.

आधी बायकोचा भाऊ आला. तो उंबऱ्याला अडखळला आणि त्यावरूनच सुरू झाला. "हे बघा! साधा उंबरा जमत नाही आणि जिने करतात. भावजींना किती वेळा सांगितलं, तुम्ही घड्याळं दुरुस्त करा. माझी बहीण सिमेंटची पाटी उचलायची हो!"

"नाराज होती?"

भावाचा आवाज खाली आला. "नाही. तेच तर. हाताला घट्टे पडले होते, ते दाखवत फिरायची."

"त्या संध्याकाळी दोघं तुमच्याकडे होते?"

"जेवून उशिरा गेले. निघताना मीच म्हटलं, राहा इथंच. ती म्हणाली, सकाळी कठड्याला पाणी कोण मारणार?" तो भिंतीकडे बघत राहिला.

मग शेजारीण आली. वरची खोली झाल्यापासून तिच्या अंगणातलं ऊन गेलं होतं, त्यावरून भांडणही झालं होतं.

"भांडले मी, खोटं कशाला बोलू? पण भाजी वाटून खायचो आम्ही. आणि आता मीही त्याच ठेकेदाराकडून स्वयंपाकघरावर स्लॅब घातलाय."

"त्या संध्याकाळी काही ऐकलंत?"

"अंधार पडला होता. इकडे कोणीतरी धाडकन ठेचकाळलं आणि अशी शिवी दिली! मला नवल वाटलं. म्हटलं, हे घड्याळजी शिव्या कधीपासून देतात?"

शेवटी ठेकेदार आला. फोनवर काहीतरी लिहीतच आला, डोळे फोनच्या पडद्यावर. त्यानं पाय उचलून उंबरा ओलांडला, फोन खिशात टाकला आणि हात जोडले.

"फार वाईट झालं. बाहेरगावी होतो, शेवटचं दर्शनही झालं नाही. स्लॅबचे टेकू काढले तेव्हा आलो होतो, त्यानंतर आजच."

"वर या ना, खोली बघायला."

तो वर आला, पण खोलीच्या चौकटीतच थांबला.

"आत या."

"इथं बरं आहे. वारा लागतो."

"छत चांगलं झालंय."

"एक नंबर. वहिनींना फोनवर म्हटलं होतं मी, झरोकाबिरोका काढू नका. छताला एकदा छिन्नी लागली की गळती लागते."

"सळया बांधताना हे दोघं हजर होते?"

"नाही. गर्दी नको म्हणून मीच खाली थांबवलं होतं. पाय अडकतो हो कुणाचा." तो हसला. हसताना त्याचा एक हात चौकटीवर घट्ट होता.

*

ताईंनी त्याला जाऊ दिलं नाही. भावाला आणि शेजारणीला वर बोलावलं, पण दोघांना खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभं केलं. घड्याळजीच्या हातात छिन्नी आणि हातोडा दिला. स्टूल उचलून बरोबर चौकोनाखाली ठेवलं.

"ठेकेदारसाहेब, बसा."

"मी उभाच ठीक आहे."

"तुमचंच छत आहे. बसा ना."

तो हलला नाही. मशीनवरच्या कोटासारखं काहीतरी आपल्या डोक्यावर पसरलंय असं दाजींना अचानक वाटलं आणि ते खिडकीकडे सरकले.

"बरं," ताई म्हणाल्या. "घड्याळजी, स्टुलावर चढा. झरोका उघडू या."

घड्याळजी चढला. त्यानं छिन्नी एका वर्तुळावर टेकवली आणि हातोडा उचलला.

"नको!" ठेकेदार किंचाळला. "हात लावू नका! बाहेर व्हा सगळे, बाहेर व्हा!" आणि तो स्वतःच आधी जिन्याकडे धावला. खाली ताईंनी सांगून ठेवलेला हवालदार उभा होता.

"उतरा, सावकाश," ताई घड्याळजीला म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली. "हातोडा मारू देणार नव्हतेच मी."

*

बाकीचं त्यांनी अंगणात, मोकळ्या आभाळाखाली सांगितलं.

"पायरी वजनानं उपटली असती तर पट्टीतली भोकं फाटली असती. ती धड आहेत. म्हणजे मूळचे स्क्रू कोणीतरी पेचकसानं नीट काढले आणि फळीच्या खाली जेमतेम पोचतील असे आखूड घातले. कधी? रंग वाळल्यावर, कारण नव्या स्क्रूंवर रंगाचा ठिपका नाही. रंग त्या सकाळी दिला आणि दुसऱ्या सकाळी वहिनी गेल्या. मधे घर रिकामं होतं ते एकाच संध्याकाळी, आणि दाराला कडी नव्हती."

"मग मी का नाही?" भाऊ म्हणाला. "राग तर माझाही होता."

"तुम्ही या दोघांना जेवायला वाढत होतात. आणि आजही उंबऱ्याला अडखळलात. उंबरा नवा आहे. दाजी आपटले, मी आपटले. टेकू काढल्यावर इथं आलोच नाही म्हणणारा माणूस मात्र फोनमध्ये बघत तो ओलांडतो. त्याचा पाय तो उंबरा शिकलेला होता. शिकला कधी, ते यांनी ऐकलंय."

"ती शिवी!" शेजारीण म्हणाली.

"पण का?" दाजींनी विचारलं. "एका झरोक्यासाठी?"

"कोटाच्या कोपराला बोट लावलंत ना, दाजी? वहिनी विरलेल्या जागी खडूनं गोल करायच्या. छतावरची वर्तुळं मापं नव्हती. त्यांनी हातोड्याच्या दांड्यानं छत ठोकून पाहिलं. जिथं पोकळ वाजलं, तिथं गोल केलं. मग ठेकेदाराला फोन केला. झरोका फोडला की आत सळया किती आहेत ते दिसणार होतं, आणि एक छत उघडं पडलं की गावभर लोक आपापली छतं ठोकत सुटले असते. सकाळी सर्वांत आधी वर कोण जातं, ते त्याला ठाऊक होतं. पाणी मारायला त्यानंच सांगितलं होतं."

शेजारणीनं हळूच मान वळवून आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत चूल तशीच पेटत ठेवून ती आली होती. ती विझवायला आत जावं की नाही, ते तिला कळेना.

घड्याळजीनं अजून हातोडा धरलेला होता. "म्हणजे उशीवरची वाळू..."

"छत झडत होतं. तुमच्या बायकोनं चौकोन आखला होता तो आपल्या उशीच्या वर, आकाश तिथून दिसावं म्हणून. सर्वांत पोकळ जागाही तीच."

"आणि माझी पायरी?"

"तुमची पायरी पक्की होती," ताई म्हणाल्या. "तुमच्या हातानं गेल्या नाहीत त्या."

घड्याळजी अंगणात खाली बसला. मेहुण्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग त्याच्या शेजारी मातीतच बसला.

*

पुढे स्लॅब उतरवला तेव्हा कडेला सळया मिळाल्या. मधे काहीच नव्हतं. ठेकेदार तुरुंगात आहे, खटला चालू आहे.

वरच्या खोलीला आता छत नाही. घड्याळजी सुटीच्या दिवशी तपकिरी कोट घालतो, खिशात तिचा खडू आणि हातोडा टाकतो आणि त्या ठेकेदारानं बांधलेल्या घरांत जाऊन छत ठोकून बघतो. काही लोक घरात घेतात. काही दार लावून घेतात. शेजारणीच्या छतावर वर्तुळं निघाली, ती आता अंगणात स्वयंपाक करते. बरीच घरं अजून राहिली आहेत.

कोटाच्या कोपरांवरचा खडू पुसट झालाय. रफू करायचं राहिलं आहे.