शेवटचे दोन मीटर

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी किल्ल्याच्या दारात पालथी पडले होते. धडपडून नव्हे, कामासाठी. फरसबंदीवर लेव्हल टेकवून चढ मोजत होते, आणि माझी वेणी एका चाकाखाली येता येता वाचली.

"वेणी उचलता, की मी इथेच मुक्काम करू?"

वर पाहिलं. व्हीलचेअर, तीत गणिताचे एक मास्तर, आणि त्यांच्या डोळ्यांत नको तितकं हसू. डोंगरावरच्या त्या जुन्या किल्ल्यात चाकांवर येणाऱ्यांसाठी वाट काढायचं काम माझ्याकडे होतं. वाट जमलीय की नाही हे तपासायला किल्ल्याची देखभाल करणाऱ्या समितीने त्यांना नेमलं होतं. गाडी वरपर्यंत यायची. अडायचं ते दारापुढच्या पायऱ्यांशी.

तुम्हाला किल्ला नीट बघता येईल, असं मी ऐटीत सांगितलं.

"बघायला फोटो आहेत की," ते म्हणाले. "मला एकदा एकट्याने आत जायचंय. कुणी ढकलत नेलं की सगळा वेळ त्याच्याशी गोड बोलावं लागतं."

समिती मात्र तटाच्या एका दगडाला हात लावू देईना. रॅम्पला हवी तेवढी लांबी मिळेना, त्यामुळे चढ नियमापेक्षा जरा जास्तच झाला. शेवटी ठरलं की आधी लाकडी रॅम्प करून बघायचा. मास्तर तीनदा मदतीशिवाय वर पोचले, तर तसाच दगडात बांधायचा.

असे तीन शनिवार आले. वरचा भन्नाट वारा, ओल्या लाकडाचा वास, चाकं रेटून लाल झालेले त्याचे तळवे… हो, 'त्याचे'. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मी शेजारून चालायचे. तो माझ्या वेणीची चेष्टा करायचा, मी त्याच्या पाढ्यांची. गप्पांच्या नादात शेवटचे दोन मीटर कधी सरायचे पत्ताही लागायचा नाही. तिन्ही वेळा मी कागदावर लिहिलं – मदतीशिवाय. खाली त्याची सही.

दगडी रॅम्प खुला झाला त्या दिवशी एक निवृत्त डॉक्टरीणबाई आल्या. त्याही व्हीलचेअरवर. "हात लावू नकोस हं," असं भाचीला बजावून त्या दिमाखात निघाल्या, आणि दारापासून दोन मीटरवर थांबल्या. चाकं हलेनात. मग मागे घसरायला लागली. भाचीने धावत जाऊन खुर्ची धरली, पण तोवर बाईंचं मनगट मुरगळलं होतं. माझ्यातच ताकद उरली नाही, असं म्हणत त्या तशाच परत गेल्या. माझी चूक त्या स्वतःच्या माथी घेऊन चालल्या होत्या आणि मी ठोंब्यासारखी उभी होते.

माझ्या शेजारी तो पांढराफटक पडला होता.

"मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"तिथे तुझा हात असायचा. माझ्या खुर्चीला. तिन्ही शनिवारी."

आठवलं. बोलता बोलता खुर्चीच्या पाठीवर टेकणारा, तिला अलगद पुढे लोटणारा माझा हात. अगदी नकळत, असं आज छातीठोकपणे सांगवत नाही.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर… तू काढून घेतला असतास."

ज्या कबुलीची मी तीन शनिवार वाट पाहिली, ती अशी मिळाली. मला आनंद झाला, आणि झाला म्हणूनच स्वतःची जास्त लाज वाटली. सही तू केलीस, असं मी तोडून बोलले. लिहिलं तू होतंस, असं तो म्हणाला.

मी समितीला सगळं खरं लिहून दिलं. त्याला काढलं, मला ठेवलं, चूक निस्तरायला. त्याचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. त्याच्याशी गोड बोलायला लागले असते आणि डोळ्यांपुढे बाईंचं मनगट आलं असतं. तिसऱ्या फोनची मी फार वाट पाहिली.

अखेर समिती जागा द्यायला तयार झाली आणि दीड वर्षाने नवा रॅम्प झाला, लांब वळणाचा, मध्ये दम खायला सपाट जागा असलेला. या वेळी सहा अनोळखी माणसांनी चाचणी घेतली आणि मी लांब, वर दारात उभी राहिले. रॅम्प खुला झाला तेव्हा डॉक्टरीणबाई सगळ्यांत आधी आत गेल्या.

तो आला एका साध्या बुधवारी. वळणावर थांबला, दम घेतला, सावकाश वर आला. कानांवरचे केस पिकायला लागले होते. छान दिसत होता.

"आत येतेस?" त्याने विचारलं.

"नको. तुला एकट्याने जायचं होतं ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "होतं," म्हणाला. "तू भेटायच्या आधी."

मी काय बोलायला हवं होतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. चढ कसा वाटला, असं मी विचारलं.

"सोपा," तो म्हणाला आणि आत गेला.

दार सताड उघडं होतं, माझे पाय धडधाकट होते. मी बाहेरच उभी राहिले.