तिसऱ्या सिलिंडरचा रॉकर

खोटं वाटेल, पण झालंय ते असंच. प्रसेनजित मेकॅनिक थापा मारणारा माणूस नाही. इंजिन गेलं असेल, तर तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर "गेलं" म्हणून मोकळा होतो. त्यांच्या घरात भूतप्रेत, पिंड, नैवेद्य असलं काही मानतही नाहीत.

तरी गेल्या हिवाळ्यातल्या त्या संध्याकाळचा विषय निघाला, की आजही त्याच्या हातातला पाना थांबतो.

कारंजा लाडहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव. रस्त्याला लागून घर, शेजारी पत्र्याचं गॅरेज.

थोरला भाऊ रवी जीपनं सवाऱ्या वाहायचा. पोहरादेवीच्या यात्रेत तर त्याला जेवायला फुरसत नसे. जीप जुनी, डिझेल, बिनटर्बोची. तिच्या तिसऱ्या सिलिंडरचा रॉकर, म्हणजे वॉल्व दाबणारा लोखंडी हात, पार झिजलेला. त्यामुळे गाडी वाजायची.

टिक... टिक... टिक...

"दादा, बदलून टाकतो ना तो," प्रसेनजित म्हणे.

"राहू दे बे. मंग तुह्या वहिनीले कसं समजन, मी येऊन राह्यलो म्हणून?"

खरंच होतं ते. वळणावर टिकटिक ऐकू आली, की रत्नमालावहिनी चुलीवर चहा ठेवायची. गाडी दारात आणि कप हातात!

मग एक दिवस स्टँडवर, सवाऱ्यांची वाट पाहता पाहता, स्टिअरिंगवर डोकं टेकून रवी गेला. चाळिशीही पाहिली नाही बिचाऱ्यानं.

वहिनी महिनोन्महिने बोलली नाही. मग लायसन काढून आली.

"भाऊजी, इंजिन बांधून द्या. आता मीच चालवतो."

प्रसेनजितनं इंजिन खोललं. कोणी म्हणालं, टर्बोवालं बसव. वहिनीला तेच इंजिन हवं होतं. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, झिजला होता, म्हणून त्यानं तो वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचं ठरवलं. जुने वॉल्व घासून चालले असते, पण बाईमाणूस, रस्त्यात अडकायला नको. त्यानं वॉल्व, गाइड, स्प्रिंगा सगळं नवं आणलं.

राहिला तिसरा रॉकर.

"तेवढा जुनाच राहू द्या, भाऊजी."

"वहिनी, तो कवाही तुटन. सवाऱ्या घेऊन भर रस्त्यात उभ्या राहसान."

 त्यानं नवा बसवला आणि जुना फळीवरच्या डब्यात टाकला.

गाडी सुरू झाली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या हेडवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, मेकॅनिक लोक असंच ऐकतात. प्रसेनजितनं ऐकलं. एकदम गुळगुळीत चाल. वहिनी पदरानं डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळत होता. जीप गॅरेजात उभी, बॅटरी काढून चार्जिंगला लावलेली.

आणि वळणावरून...

टिक... टिक... टिक...

प्रसेनजित रस्त्यावर धावला. रस्ता रिकामा. आवाज मात्र जवळ येत गेला... त्याच्या समोरून गेला... आणि फाटकाशी थांबला.

ना हॉर्न, ना दार आपटल्याचा आवाज.

वहिनी कप घेऊन बाहेर आली. "आले ना?"

तो तसाच गॅरेजात धावला. त्यानं फळीवरचा डबा उघडला.

जुना रॉकर गरम होता.

मग रोजच. टिकटिक फाटकापर्यंत यायची आणि तिथंच राहायची. आत कधी आलीच नाही. वहिनी तिथं उभी राहायची, कपातल्या चहावर साय धरेपर्यंत. मेलेल्याला चहा ठेवायची रीत नाही त्यांच्यात, पण तिला टोकणार कोण? जीप तर तिनं बाहेरच काढली नाही.

"मी गाडी घेऊन गेलो, अन् ते आले तं?"

जेवणही सुटलं तिचं. बाई हाडांचा सापळा झाली. शेवटी प्रसेनजितनं धंद्याची अक्कल गुंडाळून ठेवली आणि जुना रॉकर परत बसवला. दादाचा आवाज गाडीत आला, की वहिनी गाडी काढेल, एवढंच त्याच्या मनात. तुटला तर तुटला!

किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली, पण वाजलीच नाही.

बसवताना तर रॉकर खुळखुळत होता. वाजायलाच पाहिजे होता तो! त्यानं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. एक... दोन... तिसऱ्यावर त्याला श्वास ऐकू आला. थकलेला माणूस घरी येऊन बसताना सोडतो, तसा.

मग काहीच नाही.

त्या संध्याकाळी वळणही गप्प राहिलं. वहिनी न पेटवलेल्या चुलीपाशी अंधार पडेपर्यंत बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी तं रस्त्यावरचा आवाज बी बंद केला."

प्रसेनजित गॅरेजात जाऊन ढसाढसा रडला.

आता वहिनी जीप चालवते. तो रॉकर कधीच तुटायला हवा होता. तुटत नाही, वाजतही नाही. कसा, ते प्रसेनजितलाही कळत नाही. रॉकरला हात लावायची हिंमत मात्र त्याला होत नाही.

घरी येताना वहिनी त्या वळणावर इंजिन बंद करते, काच खाली घेते आणि कान देऊन बसते. आधी सवाऱ्या विचारायच्या, "काहून थांबवली बाई?" आता कोणी विचारत नाही.

आणि इकडे प्रसेनजित गॅरेजच्या दारात उभा राहतो, इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत.