अडीच कोयत्यांचं घर

जीवन इंजिनिअरला एक खोड होती. टेप लावून मोजल्याशिवाय तो कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे, सख्ख्या बापाच्याही नाही. त्याच्या बीडच्या ऑफिसात कुणी घराचा नकाशा काढायला आलं, की पहिला प्रश्न ठरलेला: घरात माणसं किती?

वडवणीजवळच्या एका खेड्यातून आलेल्या आश्रुबानं टोपी सारखी केली आणि सांगितलं, "अडीच कोयते."

ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस किंवा कामाला हात लावण्याइतकं मोठं पोर म्हणजे अर्धा. आश्रुबा नि सरस्वतीबाई हा एक, मुलगा सत्यम नि सून दिपाली हा दुसरा. उरलेला अर्धा कोण, ते जीवननं विचारलंच नाही. असेल एखादी म्हातारी, असं धरून त्यानं एक छोटी तिसरी खोलीही नकाशात टाकली.

जीवन जागा बघायला गेला, तेव्हा घराच्या आखणीवरून घरात आधीच जुंपली होती. सरस्वतीबाईला खोल्याच नको होत्या. "एक मोठा हॉल करा. समदे माझ्या डोळ्यापुढं झोपतेल."

दिपाली मात्र इरेला पेटलेली. लग्न झाल्यापासून तीन हंगाम तिनं कोपीत काढले होते. उसाच्या पाचटाच्या त्या झोपडीत सासूसासऱ्याच्या उशाशी तिचा संसार. "आतून कडी लागंल अशी एक खोली द्या साहेब," ती म्हणाली. "उद्या पोर झालं तर ते तरी दाराआड जन्मावं."

जीवननं दोघींना खूश केलं. सगळ्या खोल्यांची दारं हॉलात उघडणारी, आणि हॉलातल्या दिवाणावर बसलं की प्रत्येक दार दिसणार. स्वतःवरच खूश होऊन तो नकाशा घेऊन प्लॉटवर गेला.

सरस्वतीबाईनं तिसऱ्या खोलीवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

"मालकांनीच अडीच सांगितलं."

आश्रुबाचा चेहरा पडला. "म्या अडीच म्हणलो?"

मग सत्यमनं जीवनला बाजूला नेलं. आठ वर्षांपूर्वी ते एका कारखान्यावर तोडीला गेले होते. धाकटी बहीण रोहिणी तेव्हा चार वर्षांची. पहाटे सगळे उसाच्या फडात गेले, ती कोपीत झोपलेली. "कोपीला दार कुठलं साहेब? पोत्याचा पडदा. आमी आलो तर नुस्ती गोधडी. आजतागायत पत्ता न्हाई." मग तो म्हणाला, "आता असती तर बारा वर्षांची असती. अर्धा कोयता झाली असती."

जीवनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिथल्या तिथं ती खोली नकाशातून खोडली.

दुसऱ्या दिवशी आखणी झाली. पांढऱ्या फक्कीनं भिंतींच्या रेघा ओढल्या. दार यायचं तिथं रेघ मोकळी सोडली. सकाळी येऊन बघतात तर हॉलाच्या पूर्वेच्या भिंतीची रेघ तुटलेली. दीड वीतभर. पलीकडं नुसतं कापसाचं रान. कुत्रं गेलं असेल, असं म्हणत जीवननं फक्की टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. पायाचा ठसा कुठंच नव्हता.

चौथ्या दिवशी तो हट्टानं त्या रेघेपुढं खुर्ची टाकून बसला. भर दुपारचं ऊन, वारा औषधालाही नव्हता. चहाच्या कपात माशी पडली, ती काढायला त्यानं मान खाली घातली. वर पाहिलं तर रेघ तुटलेली. फक्की विस्कटलेली नव्हती. झाडून काढल्यासारखी जागा स्वच्छ होती.

मागं सरस्वतीबाई उभी होती. ती घाबरली नव्हती. रडत होती आणि हसतही होती.

"दार मागतीया," ती म्हणाली. "माझ्या लेकराची खोली काढू नका, साहेब."

वाद घालायचं त्राण जीवनमध्ये नव्हतं. त्यानं त्याच जागी पाच बाय सातची खोली आखून दिली, बिनखिडकीची, हॉलात उघडणारी. त्यानंतर रेघ मोडली नाही.

सुतारानं त्या खोलीची कडी किती उंचीवर लावू, असं विचारलं, तेव्हा सरस्वतीबाईनं आपल्या कमरेजवळ हात धरला. "आतून लाव. तिच्या खांद्याइतकी." जीवननं सवयीनं टेप लावला. तीन फूट.

वर्षभरानं आश्रुबाचा फोन आला. त्या छोट्या खोलीच्या स्लॅबला आतून तडा गेला होता.

घर छान झालं होतं. दिपालीला सातवा महिना होता. पण तिची नि सत्यमची अंथरुणं हॉलात गुंडाळून ठेवलेली.

"तुमची खोली?" जीवननं विचारलं.

"आमी हितंच झोपतो," ती खाली बघून म्हणाली. "आमची भिंत तिच्या भिंतीला लागून हाय."

छोट्या खोलीचं दार उघडं होतं. आत काहीच नव्हतं, फक्त एक गोधडी. दाराच्या आतल्या बाजूला, एकावर एक, कडीच्या स्क्रूची जुनी भोकं. जीवननं टेप लावला. तीन फूट. चार. पाच. सहा. आणि आता कडी होती पावणेसात फुटांवर, दार संपायला तीन बोटं राहिली होती.

"दर दोन म्हैन्याला सुताराला बोलावतो," सरस्वतीबाई कौतुकानं म्हणाली. "खांद्याशी लागती ना तिला. लई झपाट्यानं वाढती माझी बाय."

जीवननं वरचा तडा मोजला नाही. पिशवी उचलली आणि तो बाहेर आला. चौघं त्याला निरोप द्यायला अंगणात आली. आश्रुबा, सरस्वतीबाई, सत्यम, दिपाली. त्यानं नकळत मोजलं. चार.

घरात कडी लागली.

कुणी मागं वळून पाहिलं नाही.

तो गाडीत बसला, तशी दिपाली काचेजवळ आली. एक हात पोटावर होता.

"साहेब, दार तर संपलं," ती हळूच म्हणाली. "स्लॅब किती उंच हाय?"

"दहा फूट."

फुटाला दोन धरून तिनं बोटांच्या पेरांवर महिने मोजले.

"दहाच?"